घराला किती पैसे लागतील?

काटेवाडीतून मी बोलतेय, बचत गटांची समन्वयक. शेतात असाल तर बांधावर बसून ऐका, घरी असाल तर भाकरी थापता थापता ऐका. फक्त एक करा, हाताशी वही-पेन ठेवा. आजचं बोलणं आकड्यांचं आहे आणि ऐकलेला आकडा संध्याकाळपर्यंत डोक्यात राहत नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंचं घर लिंटलपर्यंत येऊन थांबलं. लिंटल म्हणजे दार-खिडकीच्या वरची सिमेंटची पट्टी. भिंती तिथवर उभ्या राहिल्या आणि पैसे संपले. दोन पावसाळे त्या भिंतींनी उघड्यावर काढले. आत रानगवत उगवलं, शेजारच्यांनी शेळ्या बांधायला सुरुवात केली. ताई नवरा-पोरांसह शेजारच्या पत्र्याच्या खोलीत. तिथूनच रोज आपल्या अर्ध्या घराकडे बघत चूल पेटवायची. गटाच्या बैठकीत आली की मागे बसायची आणि हप्ता भरून गुपचूप निघून जायची.

चूक काय झाली, ते तिच्याच परवानगीनं सांगते. घरकुल मंजूर झालं होतं. कागदावर घर २७० चौरस फुटांचं. पण आखणीच्या दिवशी दीर म्हणाले, "बांधायचंच आहे तर जरा ऐसपैस बांधा." मिस्त्रीनं फक्की टाकली ती १८ बाय २५ ची. म्हणजे ४५० चौरस फूट. "तीन लाखांत बसवून देतो," मिस्त्री म्हणाला. कशाचे तीन लाख, हे कुणी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही आणि आपणही कागद मागितला नाही. अंदाजच नव्हता, तर चुकणार काय? फक्की टाकली तेव्हाच ते घर तिच्या हातातून गेलं होतं. कळलं मात्र लिंटलला.

तेव्हापासून आमच्या गटांनी एक ठराव केला. घरासाठी अंतर्गत कर्ज हवं असेल तर आधी वहीत अंदाज लिहून आणायचा. इंजिनिअरसारखा नको. आपल्याला समजेल, आपल्याला तपासता येईल असा. आज तो कसा काढायचा ते बघू. मी बी.ए. झालेय, इंजिनिअर नाही. कॉलम किती, सळई किती जाडीची, हे ठरवायला जाणकार माणूस लागतोच. पण गुणाकार-भागाकार आपल्यालाही येतो.

सगळ्यात आधी मापं. वाळू, खडी, मुरूम, डबर हे सगळं ब्रासवर मिळतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं फुटांत, आणि भागिले १००. एकदा आमच्या चारजणी टेप घेऊन वाळूच्या ट्रॉलीत चढल्या. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, वाळूची उंची सव्वा फूट. दहा सख्ख साठ, साठ सव्वा पंचाहत्तर. म्हणजे ब्रासचे पैसे आणि पाऊण ब्रास माल. ड्रायव्हर हसला आणि म्हणाला, "ताई, आजपर्यंत कुणी मोजली नाही." त्याच्या हसण्याचा राग आला नाही, आपलाच आला. आणि हो, गिलाव्याचा ब्रास वेगळा. तिथे गवंडी ब्रास म्हणतो तेव्हा त्याला १०० चौरस फूट म्हणायचं असतं. शब्द एक, मापं दोन. मजुरी ठरवताना इथेच गोंधळ होतो.

सिमेंटची गोणी ५० किलोची. मापात ती साधारण सव्वा घनफूट भरते. लोखंड किलोवर मिळतं. इथे एक युक्ती लिहून घ्या. १२ मीटर लांबीची ८ एमएमची सळई साधारण पावणेपाच किलो भरते, १० एमएमची साडेसात किलोच्या आसपास आणि १२ एमएमची साडेदहा-पावणेअकरा किलो. सळया मोजा, गुणाकार करा आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघा. थोडा फरक चालतो, पन्नास किलोंचा चालत नाही.

आता घर घेऊ. बाहेरून १५ बाय १८ फूट, म्हणजे २७० चौरस फूट. हा आकडा मी उगाच घेतला नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाच्या जागेसह. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. एक बाहेरची खोली, एक आतली, मध्ये एक भिंत, सहा कॉलम, वर स्लॅब. संडास-न्हाणी बाजूला.

पायापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे सगळा खेळ तिथेच आहे. बारामती-इंदापूरच्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात काळी जमीन भरपूर. ऊसाला सोनं, घराला वैरी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चैत्रात रानातल्या भेगेत हात जातो ते आपण बघतोच. तीच भेग पायाखाली पडली की भिंतीला तिरकी चीर जाते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं, हे आपल्या जुन्या माणसांना माहीत होतं. पण मुरूम किती खोल आहे, यावर खर्च बदलतो. सहा खड्डे, प्रत्येक ४ बाय ४ फूट. मुरूम ५ फुटांवर लागला तर एका खड्ड्याची माती ८० घनफूट, सहांची ४८०, म्हणजे पावणेपाच ब्रास. मुरूम ८ फुटांवर गेला तर ७६८ घनफूट, पावणेआठ ब्रास. खोदाई वाढली, वर कॉलम तीन-तीन फूट लांबला, त्याचं लोखंड आणि सिमेंट वाढलं. म्हणून अंदाज काढायच्या आधी जागेत एक खड्डा घेऊन बघा. घरची माणसं एका दिवसात घेतील. नाहीतर शेजारी विहीर किंवा नवं घर झालं असेल तिथे विचारा, मुरूम कितीवर लागला म्हणून. ही चौकशी फुकट आहे आणि सगळ्या अंदाजात तिच्याएवढं मोलाचं दुसरं काही नाही.

जोत्याचा भराव जवळजवळ सगळ्या जणी विसरतात. घर जमिनीपासून दोन फूट उचलायचं, तर आतली पोकळी भरावी लागते. आतून माप १४ बाय १७, म्हणजे २३८ चौरस फूट, गुणिले २, झाले ४७६ घनफूट. मुरूम पाणी मारून धुमसला की बसतो, म्हणून पाच नाही, सहा ब्रास धरा. आणि पायातून निघालेली काळी माती परत आत ढकलू नका. "फुकटची माती आहे की," असं म्हणणारा कुणीतरी निघतोच. पुढच्याच पावसाळ्यात फरशी वर येते, तेव्हा तो माणूस बघायला येत नाही.

भिंती. बाहेरची चार बाजूंची लांबी ६६ फूट आणि मधली भिंत १४, एकूण ८० फूट. उंची १०. झाले ८०० चौरस फूट. त्यातून दारं-खिडक्या वजा करा. बाहेरची दोन दारं, आतलं एक, खिडक्या तीन, मिळून ९५ चौरस फूट. राहिले ७०५. आपल्याकडची मोठी, सहा इंची वीट चौरस फुटाला साधारण साडेतीन लागते. भट्टीनुसार विटेचं माप बदलतं, म्हणून दोन-दोन फुटांचा चौकोन कोरडाच रचून विटा मोजा आणि चारनं भागा. आपल्या हिशेबानं अडीच हजाराच्या आत येतात, फूटतूट धरून २,६०० घ्या. जोत्याखालच्या भिंतीला आणखी ६००. एकूण ३,२०० विटा.

विटा घ्यायची वेळ कोणती? भट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाच्या तोंडाला बंद होतात. जूनमध्ये वीट शोधायला निघालं की भाव चढलेला असतो. फाल्गुन-चैत्रात गटातल्या तिघी-चौघींची गाडी एकत्र मागवली तर वाहतूकही वाटून जाते. हे आम्ही केलंय, फायदा झालाय.

लिंटलची पट्टी मात्र नुसती दारावर टाकून थांबू नका. चारी भिंतींवरून सलग फिरवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. भिंतींना एकत्र बांधून धरणारं काही नव्हतं. सलग पट्टी भिंतींना कमरेला पदर खोचल्यासारखी धरून ठेवते. तिला जास्तीच्या लागतात दहा-बारा घनफूट काँक्रीट आणि थोडं लोखंड. पैसे वाचवायला पुष्कळ जागा आहेत, ही त्यातली नाही.

आता स्लॅब. चारी बाजूंनी फूटभर बाहेर काढला तर १७ बाय २०, म्हणजे ३४० चौरस फूट. जाडी ५ इंच. ३४० गुणिले ५ भागिले १२, झाले साधारण १४२ घनफूट काँक्रीट. एक माप सिमेंट, दीड माप वाळू, तीन मापं खडी धरली तर ३२ गोण्या, ६० घनफूट वाळू, १२० घनफूट खडी. लोखंड चौरस फुटाला एक किलोच्या आसपास, म्हणजे ३४० किलो. स्लॅबच्या दिवशी गोण्यांची रिकामी पोती एकीकडे ठेवायला सांगा आणि संध्याकाळी मोजा. ३२ च्या जागी २५ निघाली, तर सात गोण्या वाचल्या म्हणून आनंद मानू नका. तो स्लॅब गळणार. उलट ४० निघाली तर जाडी कुठेतरी वाढली किंवा माल सांडला. आणि काँक्रीट ढिलं व्हावं म्हणून बादली-बादली पाणी ओतत असतील तर तिथे उभं राहून अडवा. घरमालकीण म्हणून तो आपला हक्क आहे. चहा करायला आत जाऊ नका, त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

स्लॅबवर आळी करून निदान चौदा दिवस पाणी ठेवायचं. त्या पाण्याचाही हिशेब लिहा. उन्हाळ्यात टँकर लागतो, तो कुणाच्याच अंदाजात नसतो.

गिलावा पटकन सांगते. आतून-बाहेरून भिंती आणि वरचं छत धरून साडेसोळा ब्रास. आत ब्रासला एक गोणी, बाहेर थर जाड म्हणून दीड गोणी. मिळून २० गोण्या.

असं सगळं, म्हणजे पाया, कॉलम, बीम, विटकाम, कोबा, स्लॅब, गिलावा, मांडत गेलं तर या घराला साधारण १४० गोण्या सिमेंट, ९०० किलो लोखंड, ५ ब्रास वाळू आणि साडेचार ब्रास खडी लागते. आता यांना भाव लावू. भाव रोज हलतात, म्हणून मी म्हणते तो भाव "समजा" धरा आणि तुमच्या दुकानाचा तिथे घाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. तेव्हा जुन्या भावात कुणी गळ्यात मारत असेल तर विचारा.

समजा सिमेंट ३८० रुपये गोणी, तर ५३,२००. लोखंड ६० रुपये किलो, ५४,०००. वीट १० रुपयांना, ३२,०००. वाळू ५,००० रुपये ब्रास, २५,०००. खडी ३,००० नी, १३,५००. मुरूम आणि सोलिंगचं डबर मिळून ९,०००. माल झाला १,८६,७०० रुपयांचा.

मजुरी. गवंडी, बिगारी, सेंट्रिंग धरून समजा ३०० रुपये चौरस फूट, म्हणजे ८१,०००. मजुरी ठरवताना "सगळं त्यात आलं" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. खोदाई आली का? भराव आला का? सेंट्रिंगच्या प्लेटा कुणाच्या? पाणी कोण मारणार? जिना, ओटा, मोरी, पाण्याची टाकी? एकेक शब्द वहीत लिहून खाली मिस्त्रीची सही घ्या. आणि पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, आठवड्याच्या बाजारावर नाही. त्याचं घर चालायला उचल लागते हे खरं आहे, तीही माणसंच आहेत. पण झालेल्या कामापेक्षा उचल पुढे गेली की मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो आणि फोन लागत नाही. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या वेळी असंच झालं. मी समन्वयक असूनही फसले, म्हणून कुणी फसली तर मी हसत नाही.

मग उरलेलं, ज्याला लोक "किरकोळ" म्हणतात. दारं, चौकटी, खिडक्या, ग्रिल ३०,०००. फरशी मजुरीसह २०,०००. लाईट फिटिंग १५,०००. संडास, न्हाणी, नळ, शोषखड्डा ३५,०००. रंग १२,०००. हे किरकोळ झालं १,१२,००० चं! छप्पर पडलं म्हणजे घर झालं असं वाटतं, पण सव्वा लाखाच्या आसपासचा खर्च त्यानंतरच उभा राहतो.

बेरीज करा. १,८६,७०० अधिक ८१,००० अधिक १,१२,०००, झाले ३,७९,७००. यावर दहा टक्के अडीअडचणीचे, साधारण ३८,०००. एकूण ४,१७,७०० रुपये. भागिले २७०, म्हणजे चौरस फुटाला दीड हजाराच्या थोडं वर. आता त्या ताईंच्या ४५० चौरस फुटांना हाच दर लावून बघा. सात लाखांच्या घरात जातं. सात लाखांचं घर तीन लाखांत बसवायला निघाली होती ती.

येणारे पैसे आता दुसऱ्या पानावर. घरकुलाचे सपाट भागात १,२०,०००. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, त्यानं २८,०८०. शौचालयाचे १२,०००. शिवाय २०२५ मध्ये राज्य शासनानं ५०,००० ची भर टाकली, त्यातले १५,००० छपरावरच्या सौर संचासाठी, म्हणजे बांधकामाला ३५,०००. सगळं मिळालं तरी १,९५,०८०. खर्च ४,१७,७००. दरी सव्वादोन लाखांची. घरकुल आलं म्हणजे घर आलं, असं नाही बायांनो. घरकुल म्हणजे निम्म्याहून कमी घर. वाळू पाच ब्रासपर्यंत घरकुलाच्या लाभार्थ्यांना मोफत देण्याचं शासनाचं धोरण आहे, त्यासाठी ग्रामसेवक, तलाठी, तहसील यांच्याकडे वेळेत पाठपुरावा करा. आपल्या हिशेबात वाळू पाचच ब्रास आहे, म्हणजे वाहतूक सोडून पंचवीस हजारांचा फरक पडतो. स्वतःची जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, तिच्यात एक लाखापर्यंत मदत मिळते.

आणि पैसे हप्त्याहप्त्यानं येतात. आधी काम, मग जागेवरचा फोटो, मग हप्ता. म्हणजे पुढच्या टप्प्याचा माल आपल्याच खिशातून किंवा उधारीवर उचलावा लागतो. त्यासाठी हाताशी काही रक्कम नसेल तर पहिल्या हप्त्यावर पाया खोदून मोकळं व्हायचं आणि पावसात खड्ड्यांत पाणी बघत बसायचं, असं होतं.

सव्वादोन लाखांची ही दरी कशी भरायची? कर्जाचं एकच गणित करू. गटाकडून एक लाख घेतलं, महिना एक टक्का, चोवीस महिन्यांत सारखं मुद्दल फेडत गेलं आणि व्याज उरलेल्या रकमेवर लागलं, तर व्याज १२,५००. तेच दोन टक्क्यांनी खाजगीतून घेतलं तर २५,०००. फरकात ३२ गोण्या सिमेंट येतं, अख्ख्या स्लॅबचं! दारात येऊन आठवड्याला हप्ता नेणाऱ्यांचं कर्ज त्या ताईंनी घेतलं होतं, लिंटल थांबल्यावर. पण ते घरात गेलंच नाही, आधीच्या दुकानदाराची उधारी फेडण्यात गेलं.

दुसरा मार्ग, टप्पे करणं. आधी राहण्याजोगं, मग देखणं. फरशीऐवजी सध्या कोबा, २० हजारांतले बरेच वाचले. रंग पुढच्या दिवाळीला. बाहेरचा गिलावा वर्षभर थांबू शकतो, मात्र सांधे नीट भरून घ्या. आतलं दार आधी पत्र्याचं चालतं. काय थांबवायचं नाही? पाया, लोखंड, सलग पट्टी, संडास. स्लॅबऐवजी पत्रा टाकावा का, असं बऱ्याच जणी विचारतात. माझं मत, पैसे नसतील तर लाजू नका, टाका. पण कॉलम पुढे स्लॅब झेलेल असेच करा. नाहीतर दुप्पट खर्च. आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली बाळंतीण किंवा म्हातारं माणूस ठेवायची वेळ येते, तेही डोळ्यांपुढे ठेवून ठरवा.

हे आपलंच दुखणं आहे असं समजू नका. दूर मेक्सिको देशात कष्टकरी माणसं अशीच एकेक खोली वाढवत वर्षानुवर्षं घर बांधतात. पुढे कधीतरी वरचा मजला होईल म्हणून छतावर सळया उघड्या सोडतात. त्या सळयांना तिकडे म्हणतात "आशेच्या सळया". आपल्या गावातही स्लॅबवर तशा उभ्या दिसतात की! (तुमच्याही असतील तर सिमेंटचं घट्ट पाणी फासून झाका, आशा गंजते.) तिकडच्या बायांची भिशीसुद्धा असते, तिला "तांदा" म्हणतात. सेमेक्स या तिथल्या मोठ्या सिमेंट कंपनीनं १९९८ च्या सुमारास या लोकांचा अभ्यास केला. लोक थोडा थोडा माल आणतात, तो पावसात खराब होतो, चोरीला जातो, आणि किती लागेल ते कुणी सांगितलेलं नसतं, असं दिसलं. मग त्यांनी बचतीचे छोटे गट केले. बहुतेक बायाच. दर आठवड्याला ठरलेली रक्कम, सत्तर आठवडे. बदल्यात माल वेळेवर, भाव बांधून दिलेला आणि खोली कशी बांधायची याचा सल्ला. कंपनीला सिमेंट विकायचंच होतं, धर्मादाय काही नव्हतं. पण त्यातून आपण काय घ्यायचं? भाव बांधून घेणं. आमच्या तीन गटांनी मिळून एका दुकानदाराशी बोलणी केली, सहा महिन्यांचा माल एकाच भावानं. एकटीला त्यानं खुर्चीही दिली नसती. पंधराजणी गेल्या तर चहा मागवला.

एक गोष्ट राहिली, ती पैशांची नाही. घर कुणाच्या नावावर? घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर करायचं, असा योजनेचा नियम आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला दोघांची नावं लावता येतात. घर पूर्ण झाल्यावर उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी नाव वाचा. "आमच्याकडे तसं काही नसतं," म्हणणाऱ्या एका काकूंचा उतारा काढला, तर त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव, आणि खाली चार वारस. हिशेब वहीत बाईनं ठेवायचा, पाणी बाईनं मारायचं, कर्ज गटातून बाईनं फेडायचं आणि उताऱ्यावर तिचा पत्ताच नाही, हे मला तरी पटत नाही.

आता त्या ताईंचं सांगते. आमच्यातल्या पाचजणी तिच्या त्या अर्ध्या भिंतींत चटई टाकून बसल्या. ओळखीच्या एका इंजिनिअर मुलाला बोलावलं. दोन पावसाळे खाल्लेल्या भिंती आणि कॉलम त्यानं ठोकून बघितले, गंजलेल्या सळया घासायला लावल्या, एक भिंत चार थरांपर्यंत उतरवायला सांगितली. मग राहिलेल्या कामाचा अंदाज काढला. ४५० चौरस फुटांपैकी पुढच्या दोन खोल्याच पुऱ्या करायच्या, मागचा भाग तसाच ठेवायचा असं ठरलं. दिराला ते आवडलं नाही. ताई पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली, "भाऊजी, वही बघा आणि मग बोला." गटानं एक टक्क्यानं कर्ज दिलं, आधी ते आठवड्याचं कर्ज मोडलं, मग माल एकत्र मागवला. पालखीच्या आधी स्लॅब टाकायचाच, असा तिचा हट्ट. तुम्हाला माहीतच आहे, आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं आणि प्रत्येक घरी पै-पाहुणा असतो. दोन वर्षं तिच्याकडे कुणी वारकरी जेवला नव्हता. स्लॅब पालखीच्या तीन आठवडे आधी पडला. रिकामी पोती तिनं स्वतः मोजली. त्या वर्षी तिच्या कोब्यावर अकरा माणसं जेवली.

बाहेरचा गिलावा अजून राहिलाय, मागच्या भागाच्या सळयांना तिनं सिमेंट फासून ठेवलंय. दोन्ही कामं तिच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलेली आहेत, पुढे रक्कम आणि पुढे महिना.

पुढच्या बैठकीत आपण हाच हिशेब प्रत्यक्ष एका जागेवर टेप लावून करणार आहोत. ज्यांना घर बांधायचंय त्यांनी जागेचं माप आणि शेजारी मुरूम कितीवर लागला त्याची चौकशी करून या. टेप आमच्याकडे आहे. वही तुमची आणा.